मीराताईंना काढलं, हे तेजूला सांगताना

८ जानेवारी, गुरुवार

तेजूला आठ पूर्ण. सकाळी औक्षण, शाळेत चॉकलेटं, संध्याकाळी केक. केकवर नाव मावलं नाही. बेकरीवाल्याने 'तेजस्वि'पर्यंत मोठ्या थाटात लिहिलं आणि 'नी' खाली लोंबत ठेवली. हौस माझीच. बारशाला सासूबाई म्हणत होत्या, सुटसुटीत काहीतरी ठेव. ऐकलं नाही. पोरगी बोलताना अडकणार हे तेव्हा कोणाला माहीत होतं? आता कोणी नाव विचारलं की 'ते ते ते' वर गाडी थांबते, आणि विचारणारा घड्याळ बघतो.

पण आजचं लिहून ठेवायलाच हवं.

साडेसातला केबलच्या लोकल चॅनेलवर मीराताईंचा 'शुभेच्छा' कार्यक्रम. वाढदिवसवाल्यांचे फोटो, नावं, मग गावातल्या बातम्या. तेजू रोजच्यासारखी समोर मांडी घालून, मीराताई जे बोलतील ते त्यांच्या बरोबरीनं बोलत. बरोबरीनं बोलताना ती अडकत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, सोबत दुसरा आवाज असला की जीभ सुटते, घरी रोज कोणीतरी बसा तिच्याबरोबर. बसायचे आम्ही. मी दहा मिनिटांत कंटाळायचे, हे पाच मिनिटांत. मीराताई कंटाळल्या नाहीत. दोन वर्षं झाली, आणि त्या बाईला याचा पत्ताही नाही.

आज साहेबांचाही वाढदिवस. गावभर बॅनर. आमचे मोठे दीर गणेशभाऊजी स्टेशन रोडच्या बॅनरवर आहेत, खालून दुसऱ्या ओळीत, पासपोर्ट फोटोएवढे. त्यामुळे सुरुवातीचा वेळ साहेबांचा. मग लेकरं. चौथा फोटो आमचा. मीराताई म्हणाल्या, "आणि आज आठ वर्षांची झाली..." नावाआधी त्या नेहमी थोड्या थांबतात. "तेजस्विनी." आणि इकडून, त्याच दमात, तेजू म्हणाली "तेजस्विनी."

स्वतःचं नाव. अख्खं. एका श्वासात.

मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस चालू नव्हताच.

मीराताई, तुमचं भलं होवो.

९ जानेवारी, शुक्रवार

चॅनेलवर आज जुनी गाणी. मीराताई नाहीत. तेजू अर्धा तास बसली, मग उठून आजीच्या मांडीवर गेली.

बियाण्यांच्या लॅबमध्ये दिवसभर सोयाबीनचे कोंब मोजले. मान दुखतेय. मन मात्र कालच्यातच.

१२ जानेवारी, सोमवार

नवीन मुलगी आली 'शुभेच्छा'वर. नखशिखान्त मेकअप. वाचते अशी की मागे कुत्रं लागलंय. तेजूने दोन वाक्यं धरायचा प्रयत्न केला, तिसऱ्याला सुटली. मग नुसती बघत बसली.

"मीराताई कुठंय?" हे तिनं तिघांना वेगवेगळं विचारलं, आणि आम्ही तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मी म्हटलं रजेवर आहेत. हे म्हणाले आजारी असतील. सासूबाईंनी तर त्यांचं लग्नच लावून दिलं, "सासरी गेली असंल आता." मीराताईंच्या गळ्यात पहिल्यापासून मंगळसूत्र आहे, हे तेजूने रोज बघितलंय. ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. इतकी लाज मला परीक्षेत कॉपी पकडल्यावरही वाटली नव्हती.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळीच चित्र खरखर करायला लागलं म्हणून केबलवाले सलीमभाई आले. सेटटॉप बॉक्स उघडून बसले. मी तिळगूळ दिला आणि सहज विचारलं, मीराताई परत कधी येणार?

"मीरा मॅडम? त्यांना तं काढून टाकलं ना भाभी. शुक्रवारीच. कारण नका विचारू, मालकाचं मालकाला ठाऊक. पण बाई बिलकुल नेक व्हत्या. आम्ही केबल ओढून उन्हातून आलो तं पाणी विचारणाऱ्या त्याच एक."

तेजू शेजारी तिळगूळ वाटायला गेली होती म्हणून बरं. यंदा 'तिळगूळ घ्या गोड बोला' तिला जमतंय. मीराताईंबरोबर गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात म्हणून म्हणून बसवलेलं. सगळ्या गल्लीला वाटून आली, तोंड फुललेलं. सणाच्या दिवशी मी काय सांगणार?

१५ जानेवारी, गुरुवार

घरात खल. हे म्हणतात सांगायचं कशाला, पोरं विसरतात. हे स्वतः शाळेतल्या मास्तरांनी चाळीस वर्षांपूर्वी ओढलेला कान अजून विसरले नाहीत. सासूबाई म्हणतात, "सांगून टाक. झाकलं की वास येतो."

मला पटतं. पण भीती वेगळीच आहे. तेजूच्या जगात मीराताई म्हणजे सगळ्यांत चांगलं बोलणारं माणूस. तिलाच बोलण्याच्या कामावरून काढलं, हे ऐकून पोरगी काय धडा घेईल? की इतकं चांगलं बोलूनही उपयोग नाही, मग माझा कशाला निभाव लागतोय?

वर्षभरापूर्वी ती वर्गात तोंड उघडत नव्हती. हजेरीला नुसता हात. तिथून इथवर आली. परत तिथं जाऊ नये एवढंच. देवाकडं दुसरं काही मागत नाही मी सध्या.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं.

न्हाऊ घालून वेणी घालायला बसवलं. वेणी घालताना दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात, तेवढा आधार. म्हटलं, "तेजू, मीराताई आता येणार न्हाईत. चॅनेलवाल्यांनी त्यांना काढून टाकलं. आम्ही तिघं तुझ्याशी खोटं बोललो, चुकलं आमचं."

खोट्याचं तिला काहीच वाटलं नाही. ते तिला माहीतच होतं बहुतेक. मग शब्द जमवत, थांबत, मी मधे न बोलता (एकदाच बोलले) तिनं विचारलं, "त्या अ... अडकल्या का बोलताना?"

केस हातातून सुटले माझ्या.

म्हटलं, "न्हाई गं. त्या कधीच अडकल्या न्हाईत."

"मंग का काढलं?"

"मला माहीत न्हाई." हे खरं होतं. निदान हे तरी खरं.

रडली नाही. उजवी वेणी वाकडी झाली, ती तशीच घेऊन खेळायला गेली. यांना सांगितलं तर म्हणाले, बघ, उगीच घाबरत होतीस. असेल. खरं बोलल्याचं सुख असतं, ते मी विसरलेच होते.

१९ जानेवारी, सोमवार

साडेसातला टीव्ही बंद ठेवून तेजू समोर बसली आणि एकटीच सुरू झाली, "नमस्कार प्रेक्षकहो." प्रेक्षक म्हणजे सासूबाई. नमस्कार नीट आला, 'प्रेक्षक'वर अडली. डोळे मिटले, मान ताठ. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "प्रेक्षकहो!" सवयच. डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. दर वेळी ठरवते, दर वेळी तोंडातून निसटतं. तेजू इतकी चिडली, उशी फेकली.

सासूबाई म्हणाल्या, "वैशाली, तुला लईच घाई. मी बसले व्हते ना ऐकत."

बरोबर आहे त्यांचं. वेखंड उगाळून चाटवण्यापासून राजूरच्या गणपतीला नवस बोलण्यापर्यंत सासूबाईंनी सगळं केलं, पण खरं औषध त्यांच्याकडे तेच एक आहे, बसून ऐकायचं. मला ते का जमत नाही?

२० जानेवारी, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

भाऊजी जेवायला आले होते. मोठा मनाचा माणूस, त्यात शंका नाही. तेजूला महिन्याच्या महिन्याला संभाजीनगरला त्यांच्याच गाडीतून नेलंय, डिझेलचा विषयसुद्धा काढू देत नाहीत. पण साहेबांचा विषय निघाला की भाऊजी जमिनीवर राहत नाहीत.

आज चॅनेलचा विषय निघाला. हे म्हणाले ती जुनी बाई बरी वाचायची. भाऊजींनी भाकरी खाली ठेवली.

"बरी? अरे, आठ तारखेला आम्ही समदे दुकानं बंद करून टीव्हीसमोर बसल्तो. साहेबांचा वाढदिवस. शुभेच्छुकांची दोन पानं यादी दिल्ती आम्ही, एकेक नाव तपासून. अन् बाईनं काय करावं? साहेबांचं नाव घेतलं, 'आणि सर्व शुभेच्छुक' म्हणली अन् पान पलटलं. माझी सासुरवाडी बसल्ती अंबडला टीव्हीसमोर! अन् मंग निवांत लेकरांची नावं वाचत बसली. आपल्या तेजूचं वाचाया टाइम व्हता तिला, आमचं वाचाया न्हाई. दुसऱ्या दिवशी गेलो ना आम्ही ऑफिसात. मालकाला बराबर सांगितलं."

ते हसत होते. तेजूचं नाव त्यांनी लाडानंच घेतलं. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ पडलीच नव्हती.

माझ्या पडली. आणि दारात पापडाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या तेजूच्याही पडली. ताट तिनं नीट खाली ठेवलं, एकही पापड न मोडता, आणि आत गेली.

ताटावर बसलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मी ताक वाढलं.

२१ जानेवारी, बुधवार

तेजू बोलत नाही. रागावून नाही. हाक मारली की येते, मान हलवते, जेवते. बोलत नाही.

मी म्हटलं तुझ्यामुळे नाही गं झालं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तीन खोट्यांच्या दिवशी बघितलं होतं.

२२ जानेवारी, गुरुवार

वर्गाच्या बाईंचा फोन. हजेरीला परत हात. गटात वाचन नाही केलं. "घरी काही झालंय का?" म्हटलं झालंय, पण फोनवर सांगण्यासारखं नाही. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, मी तिला काही विचारत नाही मग, पुढं बसवते माझ्याजवळ. फोन ठेवल्यावर आभार मानायचे राहिले हे लक्षात आलं.

वर्ष मागे गेलो. एका वाक्यानं.

२३ जानेवारी, शुक्रवार

भाऊजी आले, नेहमीसारखी गेटपासून हाक मारत. तेजू कपाटामागं जाऊन उभी राहिली. त्यांना कळलं, काहीतरी आहे. मग मी सांगितलं. ताटावर नव्हते, त्यामुळे सगळं सांगितलं, आवाज चढवून. तेजू टीव्हीसमोर काय करते, मीराताई तिच्या कोण आहेत, परवापासून काय चाललंय. भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. दोन वर्षं पोरीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला आम्हीच कधी सांगितलं नव्हतं.

चहा तसाच निवला. मग म्हणाले, "मी काढा न्हाई म्हणलो वैशाली. आमची नावं वाचा, एवढंच म्हणाया गेल्तो."

"मंग काढा कोण म्हणलं?"

"समदेच व्हते."

भाऊजी उठले, कपाटाकडे बघून म्हणाले, "तेजू, मी जाऊन येतो गं," आणि थेट चॅनेलच्या ऑफिसला गेले. संध्याकाळी फोन आला. मालक ऐकत नाही. नवीन मुलगी यादी पूर्ण वाचते, लोक खूश आहेत. भाऊजींचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. पण फोन ठेवताना म्हणाले, "सलीमकडून पत्ता घेतला बाईंचा. रविवारी घेऊन चलतो तुम्हाला."

चिडलेय अजून. पण ते गेले, हे विसरणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आज.

जुन्या जालन्यात गल्लीच्या तोंडाशी भाऊजींनी गाडी लावली आणि स्टिअरिंग सोडायला तयार होईनात. "तुम्ही जा. मी हितं चहा घेतो." डिकीतून मोसंबीची पिशवी काढून तेजूच्या हातात दिली आणि मला हळूच म्हणाले, कोणी दिली ते सांगू नका.

पहिला मजला. दार उघडलं ती बाई बुटकी, गाऊनवर ओढणी, हाताला पीठ. तेजू माझ्यामागं. मीराताई टीव्हीत मोठ्या दिसतात. मलाही क्षणभर वाटलं, चुकीच्या घरी आलो. मग त्या म्हणाल्या, "या ना," आणि आवाज तोच. तेजूने माझ्यामागून डोकं बाहेर काढलं.

मी सगळं भडाभडा सांगितलं. बाहेरगावच्या डॉक्टर मॅडम, टीव्हीसमोरची मांडी, आठ तारखेला अख्खं आलेलं नाव. मीराताई पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी आलं तर पुसता येईना, म्हणून खांद्याला डोळे पुसले. म्हणाल्या, "मला वाटायचं साडेसातला कोणीच ऐकत न्हाई. आपला फोटो आला का बघतात अन् चॅनेल बदलतात." मीही म्हटलं जे म्हणायला आले होते. की ताई, तुमचे आभार कसे मानायचे मला माहीत नाही, माझ्या पोरीला तुम्ही नाव दिलं. असलं वाक्य मी एरवी बोलत नाही. बोलले, आणि बरं वाटलं.

मग तेजू बोलायला लागली. पाच दिवसांनी.

"मा..." आणि अडकली. मान ताठ, डोळे मिट्ट. मला शब्द माहीत होता. पुढचं वाक्यही माहीत होतं. माझी जीभ टाळूला लागलेली. पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. मीराताई काही बोलल्या नाहीत, पुढं झुकल्या नाहीत, धीराचं हसल्याही नाहीत. नुसत्या थांबल्या. टीव्हीत नावाआधी थांबतात तशा.

"माझ्यामुळं का... काढलं का तुला?"

मीराताई लगेच 'न्हाई' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळ थोडाच उरल्ता. एक तर त्यांची यादी वाचून झाली असती, न्हाई तर तुम्हा लेकरांची नावं. त्यांची नावं गावभर बॅनरवर व्हती. तुमची कुठंच नव्हती. म्हणून मी तुमची घेतली. ते मी ठरवलं, तू न्हाई."

"म... मंग तुला वाईट वाटलं?"

"लई. दोन दिवस रडले. मालकाचा राग आला, त्या यादीवाल्यांचा आला. तुमचा न्हाई आला."

तेजू विचार करत होती. ते दिसत होतं. मीराताईंनी मोसंबी पुढं ओढली, एवढी कशाला आणली म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत तेजूने सांगून टाकलं, "काकांनी दि... दिली. ते खाली आहेत. ते या... यादीवाले आहेत."

मला जमीन दुभंगावी असं झालं. मीराताईंनी विचारलं, नाव काय काकांचं? तेजूने सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हते. दुसऱ्या पानावर." हात धुतले, ओढणी सारखी केली आणि गॅलरीत गेल्या. खाली भाऊजी चहाचा ग्लास घेऊन भिंतीला टेकलेले. आणि वरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो साडेसातचा आवाज, "शुभेच्छुक, माननीय श्री. गणेश विठ्ठलराव!"

चहावाला वर बघायला लागला. समोरच्या दोन बायका बाहेर आल्या. भाऊजींनी आधी इकडंतिकडं बघितलं, मग ग्लास खाली ठेवून हात जोडले. ते हात बराच वेळ जोडलेलेच होते. बाईंनी "वर या, मोसंबी सोला," म्हटल्यावर आले. चपला जिन्याखालीच काढून.

सोलली त्यांनी. सगळ्यांना. निघताना भाऊजी म्हणाले, "चुकलं ताई," आणि मीराताई म्हणाल्या, "हो." माफ केलं नाही बहुतेक. पण सोललेली मोसंबी खाल्ली.

गाडीत तेजू पुढं बसली, काकांच्या शेजारी. बोलली नाही फारशी, पण बसली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. बोलतेय थोडं थोडं. अडकत. काल ओढून धरलेल्या माझ्या साडीच्या पदराचा काठ उसवलाय, तो शिवून घेतला.

२९ जानेवारी, गुरुवार

मीराताई छोट्या पोरांच्या वाचनाच्या शिकवण्या सुरू करू म्हणतात. पाच-सहा जण जमले तर. भाऊजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खताच्या पिशवीबरोबर सांगून राह्यलेत. जमतील का माहीत नाही. चॅनेलवर परत घेतील, असं आता कोणी म्हणत नाही. पगार गेला तो गेला. बाईंच्या घरी सासरे अंथरुणाला आहेत, हे रविवारी आतल्या खोलीच्या दारातून दिसलं. आमच्या आभारांनी त्यांचं घर चालणार नाही, हेही कळतं मला.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तेजू चिमटे देत होती. म्हणाली, उद्यापासून शाळेत परिपाठ त्यांच्या वर्गाकडे. सुविचार, बातम्या, दिनविशेष, सगळ्यांनी पटापट वाटून घेतलं. 'आजचे वाढदिवस' तेवढं उरलं. ते कोणी घेईना, कारण नाव चुकलं की मधल्या सुट्टीत मार. तेजूने हात वर केला. बाईंनी परत विचारलं, नक्की का? तिनं परत वर केला.

उद्या चार नावं आहेत म्हणे. त्यात एक ज्ञानेश्वरी.

अख्ख्या शाळेसमोर. माइकवर. बरोबरीनं बोलायला कोणी नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो माइक आला आणि त्याच्यासमोरची ताठ मान. पहिला विचार आला तो बाईंना फोन करायचा, दुसरं काहीतरी द्या म्हणून. फोन खाली राहिला होता, बरं झालं.

तरी विचारलंच, "अडकलीस तर?"

"अ... अडकीन," ती म्हणाली. चिमटा दिला.

"पोरं हसली तर?"

पुढच्या शब्दाला तिला बराच वेळ लागला. मी ओला टॉवेल हातात धरून उभी. टॉवेलचं पाणी पायावर गळत होतं. गळू दिलं.

"ह... हसू दे. पण मी स... सगळी नावं वाचीन. त्यांचा वाढदिवस है ना."

टॉवेल दोरीवर टाकला. उद्या परिपाठाच्या वेळी मी लॅबमध्ये असेन. काय झालं ते संध्याकाळी कळेल.